पिवळा बलक, हिरवी पिशवी

चेन्नईच्या बाजारात नामक्कलच्या पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांची पांढरी अंडी ट्रेमध्ये रचलेली असतात आणि शेजारच्या टोपलीत तपकिरी ‘नाट्टु कोळी मुट्टै’, म्हणजे आपली गावठी अंडी. त्यांचा भाव चांगलाच चढा, तरी गिऱ्हाईक रंग बघून खुशाल पैसे मोजतं. पण कवचाचा रंग ठरतो कोंबडीच्या जातीवर. पिंजऱ्यात ठेवलेल्या काही संकरित जातीही तपकिरीच अंडी देतात. गडद बलकाचंही तेच. खाद्यात पिवळा मका किंवा झेंडूचा अर्क घातला, की पिंजऱ्यातही बलक केशरी होतो. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं दोन्हीकडे मिळतात. उन्हात हिंडून पाला-किडे टिपणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 जास्त असतं खरं, पण ती खरोखर हिंडली का, हे कवच सांगत नाही.

ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, ही अफवा तर मरता मरत नाही. सहा आठवड्यांत दोन किलोचा पक्षी तयार होतो तो निवडक पैदाशीमुळे आणि मका-सोयापेंडीच्या नेमक्या खुराकामुळे. शेडमधल्या हजारो पक्ष्यांना रोज सुई टोचत बसणं कोणत्याच पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही. लोकांना दिसते ती सुई लसीची. खरी काळजी प्रतिजैविकांची आहे. माणसांवरच्या उपचारात शेवटचा आधार ठरणारं कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास जायचं. 2019 मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली.

मग नामक्कलचे पिंजरे वाईटच म्हणायचे? कोंबडीच्या दृष्टीने हो. तिला धड पंखही पसरता येत नाहीत. मात्र तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये विस्तारलेल्या शाळेच्या मध्यान्ह भोजनात पुढे अंडं आलं आणि टिकलं, त्यामागे याच स्वस्त अंड्यांचा मोठा वाटा आहे. परड्यातल्या कोंबड्यांच्या जिवावर राज्यभरच्या ताटांत अंडं पडलं नसतं.

दुधाकडे वळलं की गोंधळ वाढतो. सरकारी सहकारी दूधसंघ ‘आविन’ची निळी, हिरवी, नारिंगी पिशवी म्हणजे वेगवेगळ्या गाईंचं दूध नव्हे. डेअरीत मलई कमीजास्त करून फॅट ठरवतात: निळ्या पिशवीत 3 टक्के, हिरव्यात 4.5, नारिंगीत 6. हिरव्या रंगाचा चाऱ्याशी काडीचा संबंध नाही.

‘आपल्या गाई कुरणातच चरतात’ हा समज शहरात फार. प्रत्यक्षात पिशवीतलं बरंचसं दूध गोठ्यात बांधलेल्या संकरित गाईंचं. त्यांच्यापुढे भाताचा पेंढा, पेंड आणि को-४ सारखं संकरित नेपियर गवत. हे वाण कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाचं. महाराष्ट्रातले दूधवालेही त्याच्या कांड्या आणून लावतात, तेव्हा पुण्याच्या चहात थोडं तमिळनाडू उतरतंच! हिरवा चारा भरपूर मिळाला, तर दुधात बीटा-कॅरोटीन वाढतं आणि गाईच्या तुपाला पिवळी झाक येते. म्हैस तेच कॅरोटीन अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. तेव्हा पांढरं तूप म्हणजे भेसळ, हेही खरं नाही.

खरं कुरण बघायचं तर चेन्नईहून नैर्ऋत्येला, तिरुप्पूर-करूरच्या कोरडवाहू पट्ट्यात जावं लागतं. तिथल्या ‘कोरंगाडु’ कुरणात किळुवैच्या जिवंत कुंपणाआड अंजन गवत आणि हिवराची झाडं असतात. हिवराच्या शेंगा गळाल्या की जनावरं त्या वेचून खातात. ही कांगेयम गाईची जागा. 2017 च्या जानेवारीत जल्लिकट्टू या बैलांच्या खेळासाठी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर गर्दी लोटली, तेव्हा देशी गोवंशाच्या चर्चेत कांगेयमचंही नाव घराघरांत पोचलं. पण ही जात मुळात नांगर-गाडी ओढणारी, दूध दिवसाला जेमतेम दोन-तीन लिटर. वासराचा वाटा वजा केला, की शहराच्या फिल्टर कॉफीला त्यातलं कितीसं पुरणार?