एचआरचं एक मूळ कारखान्याच्या कँटीनमध्ये

एचआर म्हटलं की हिंजवडीतली काचेची केबिन आठवते. एचआरच्या शिक्षणाचं एक मूळ मात्र कामगारांच्या कँटीन-पाळणाघरात आहे. ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात अशा सोयी बघणारा कल्याण अधिकारी हवाच, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमानं ठरवलं. पिंपरी-चिंचवड, भोसरीत कारखाने वाढले, तसे पुणे विद्यापीठाच्या एमपीएम या कर्मचारी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला आणि कामगार कायद्याच्या पदविकेला विद्यार्थी मिळत गेले.

१९९३ साली सिंबायोसिसची एससीएमएचआरडी आली. ‘मनुष्यबळ विकास’ थेट संस्थेच्या नावातच!

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. कल्याण अधिकाऱ्यासाठीची ती मर्यादा आता २५० कामगारांवर आली आहे. तेव्हा पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून कामगार कायद्याची जुनी पुस्तकं स्वस्तात उचलणाऱ्यांनी छपाईचं वर्ष आधी बघावं.