शर्यत वाऱ्याशी

अंधेरी आणि विलेपार्ले यांच्या पश्चिमेस, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जुहूचा विमानतळ आहे. आज तेथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. पण १९२८ साली सुरू झालेला हा भारतातील पहिला नागरी विमानतळ. येथेच विमान चालवायला शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय.

पुढच्याच वर्षी ते एका शर्यतीत उतरले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने विमान चालवून पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस ठेवले होते. जेआरडी कराचीहून निघाले, तर ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. मनमोहन सिंग हे तिसरे स्पर्धक. जेआरडी २५ वर्षांचे होते. ॲस्पी अवघे १७ वर्षांचे, म्हणजे तुमच्याहून फार मोठे नव्हेत!

वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनाच्या स्पार्क प्लगांवाचून ॲस्पी तेथे अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. ॲस्पी मार्गी लागले आणि जेआरडींच्या थोडे आधी पोचून त्यांनी बक्षीस जिंकले! हेच ॲस्पी इंजिनिअर १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

दोघांची विमाने एकाच जातीची, जिप्सी मॉथ. पण दिशा उलट. मग वारा एकाच बाजूने वाहत असेल, तर ही शर्यत बरोबरीची म्हणता येईल का?

वेग दोन प्रकारचा

भरती-ओहोटीच्या वेळी बोरिवलीहून गोराईची खाडी होडीने ओलांडताना नावाड्याकडे नीट पाहा. तो होडीचे तोंड समोरच्या धक्क्याकडे सरळ धरत नाही. पाण्याच्या ओढीविरुद्ध थोडे तिरपे धरतो. सरळ धरले तर होडी भलतीकडेच लागेल.

विमानाचेही तसेच. विमान हवेत तरंगत असते आणि हवा स्वतः सरकत असते. वेगमापक दाखवतो तो हवेच्या तुलनेतील वेग. जमिनीच्या तुलनेतील वेग त्याहून निराळा असू शकतो. ताशी १४० किलोमीटर वेगाच्या विमानाला समोरून ताशी २८ किलोमीटरचा वारा लागला, तर ते जमिनीवरून ताशी ११२ किलोमीटरच पुढे जाते. तोच वारा पाठीमागून असेल, तर १६८!

आडवा वारा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. विमानात रेडिओ नव्हता. अहमदाबादहून जुहू जवळजवळ सरळ दक्षिणेस, सुमारे ४४० किलोमीटरवर आहे. समजा, आपले ताशी १४० किलोमीटरचे विमान घेऊन आपणही हाच टप्पा उडालो. होकायंत्र पाहून नाक सरळ दक्षिणेकडे धरले आणि पश्चिमेकडून ताशी २८ किलोमीटरचा वारा वाहू लागला. प्रवासाला ३ तास ९ मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात वारा आपल्याला सुमारे ८८ किलोमीटर पूर्वेस ढकलील. खाली जुहूची चौपाटी नसेल. भीमाशंकरच्या आसपासचा सह्याद्री असेल! ढगांत लपलेला डोंगर आणि संपत आलेले पेट्रोल, यापेक्षा वाईट गाठ कोणती?

उपाय नावाड्याचाच. विमानाचे नाक वाऱ्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे, सुमारे साडेअकरा अंश वळवायचे. मग विमान तिरपे दिसले तरी जाते सरळ जुहूकडे. वेळ मात्र तीन-चार मिनिटे जास्त लागतो. आलेखाच्या कागदावर १४० आणि २८ या प्रमाणात बाण काढा. कोन तुम्हाला मोजता येईल.

पण वारा किती आहे हे वर कोण सांगणार? त्यासाठी वैमानिक खाली पाहतो. नर्मदा, तापी, वैतरणा, वसईची खाडी, लोहमार्ग या खुणा नकाशाशी आणि घड्याळाशी ताडून पाहतो. ६० किलोमीटर गेल्यावर विमान १ किलोमीटर बाजूला आढळले, तर दिशा सुमारे १ अंशाने चुकली असे समजायचे. चूक लवकर कळली तर सुधारणे सोपे.

ही विद्या जुनी झाली असे समजू नका. बोरिवलीच्या आरोही पंडित यांनी २०१९ साली हलक्या क्रीडा-विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. अशा विमानातून तो एकटीने ओलांडणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनीच १५ ऑक्टोबर २०२१ रोजी जेआरडींच्या त्या उड्डाणाची आठवण म्हणून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केले. जेआरडींच्या वेळची रीत पाळायची म्हणून जीपीएस आणि ऑटोपायलट यांची मदत न घेता!

करून पाहा

अहमदाबाद ते जुहू जाताना ताशी २८ किलोमीटरचा वारा समोरून आहे. परतताना तोच पाठीमागून. येण्याजाण्याला एकूण किती वेळ लागेल? वारा मुळीच नसता तर किती लागला असता? जाताना झालेला तोटा परतताना भरून निघतो, असे पुष्कळांना वाटते. आधी उत्तराचा अंदाज वहीत लिहा, मग गणित करा. तोटा भरून निघत नसेल तर का, हे वर्गात आपल्या शिक्षकांना समजावून सांगा.