"आपली बाळे बारीकच असतात"?

सातव्या महिन्यात सोनोग्राफी होते, रिपोर्टवर 'बाळाची वाढ कमी' असे येते आणि घरात कुणीतरी म्हणतेच, "आपल्या लोकांची बाळे बारीकच असतात." वस्तीत गरोदर बायांच्या बैठका घेताना आम्ही हे नेहमी ऐकतो. हे खरे का, हे तपासणारा एक मोठा अभ्यास झाला आणि त्यात आपले नागपूरही होते.

त्याचे नाव 'इंटरग्रोथ-२१'. ऑक्सफर्ड, सिएटल, तुरीन, बीजिंगचा शुन्यी भाग, मस्कत, नैरोबी, ब्राझीलमधील पेलोतास आणि नागपूर अशी आठ ठिकाणे. निरोगी, पोटभर खाणाऱ्या ४,६०० हून अधिक गरोदर स्त्रिया. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत दर पाच आठवड्यांनी सोनोग्राफी. मुख्य निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आले.

आता अडचण बघा. नागपुरात डोक्याचा घेर जरा आतून मोजला आणि सिएटलला बाहेरून, तर काही मिलिमीटरचा फरक पडणारच. मग "भारतीयांची डोकीच लहान" असे पुस्तकात छापले गेले असते. चूक हाताची, शिक्का माणसांवर.

म्हणून मोजणाऱ्यांवरच पहारा बसवला. सगळीकडे एकाच मॉडेलचे मशीन, एकाच पद्धतीचे प्रशिक्षण. डोके, पोट, मांडीचे हाड, प्रत्येक माप तीनदा, तेही दर वेळी नवे चित्र घेऊन. आणि माप घेताना आकडा पडद्यावर दिसतच नसे! आकडा दिसला की हात नकळत 'बरोबर' आकड्याकडे सरकतो. बीपी न घेताच १२०/८० लिहिलेले कागद ज्यांनी वॉर्डात पाहिलेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. चित्रांनाही गुण दिले जात: पोटाच्या चित्रात जठर दिसते का, मूत्रपिंड तर आले नाही ना (आले म्हणजे जागा चुकली), मांडीच्या हाडाची दोन्ही टोके स्पष्ट आहेत का. शिवाय दर शंभरातली दहा चित्रे चिठ्ठी काढावी तशी निवडून पुन्हा तपासली.

एवढ्या कसोटीनंतर दिसले काय? गर्भाची लांबी आणि डोक्याची वाढ यांत बाळाबाळांत जो फरक असतो, त्यातला ठिकाणामुळे पडणारा वाटा ४ टक्क्यांहूनही कमी. नंतरच्या काही अभ्यासांत देशादेशांत याहून जास्त फरक दिसला, वाद संपलेला नाही. पण "तुमच्यात असेच असते" म्हणून कुणी बाईला परत पाठवत असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. रक्त कमी आहे का, बीपी वाढलाय का, जेवण पुरते का, हे तपासलेच पाहिजे.

बायांनो, पहिली सोनोग्राफी नऊ ते तेरा आठवड्यांत करून घ्या. दिवसांचा हिशेब तिथेच पक्का होतो. तो चुकला तर चांगले बाळही 'लहान' ठरते. जुने रिपोर्ट फेकू नका, वाढ दोन रिपोर्टांच्या तुलनेतूनच कळते. त्यावरचे वजन अंदाजाचे असते, १०-१५ टक्के इकडेतिकडे होते. वाढीसाठी पुन्हा मोजायचे तर मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. मात्र डॉक्टरांनी लवकर बोलावले तर लवकरच जा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर रिपोर्ट कितीही चांगला असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.