दांडेकर पुलापर्यंत काताकाना

संध्याकाळचे पाच. पुण्यात वडगावचा बसथांबा. ऑक्टोबरचं ऊन कललंय, पण थांब्याचा पत्रा दिवसभर तापलेला. त्याच्याखाली उभं राहवत नाही. बाकड्यावर एक काकू भाजीच्या पिशव्या घेऊन बसल्यात. बाकी सगळे डांबरावर उतरलेत, माना उजवीकडे. बस तिकडूनच यायची आहे.

गर्दीत इंजिनिअरिंगची पोरं बरीच. त्यातल्या एका मुलीच्या बोटात लोखंडी कडी आहे आणि कडीत ओवलेली कार्डं, कोपरे मळून गोल झालेली. एका बाजूला जपानी चिन्ह, कांजी. मागं निळ्या शाईत देवनागरी उच्चार आणि मराठी अर्थ. ती कार्ड बघते, ओठ हलवते, उलटवते, रस्त्याकडे बघते. चार कार्डं तिनं दुमडून वेगळी धरलीत. चारही चिन्हांचा उजवा भाग तोच, देवळाचा. डावीकडे सूर्य आला की वेळ. हात आला की हातात धरणं. बैल आला की विशेष. पावलाची खूण आली की वाट पाहणं. या चौघांत गल्लत होणारच.

मोबाइलवर बस चार मिनिटांवर दाखवतात. मघाशीही चारच होती.

एक बस येते. पाटी वाचायला सगळे पुढे सरकतात आणि मागे येतात. स्वारगेटची. दुसरी मार्केट यार्डाची. तिसरी आपली, पण ती थांब्यावर थांबतच नाही, पन्नास पावलं पुढे जाऊन उभी राहते. धावाधाव. तरणी पोरं पोचतात. काकू पिशव्या उचलेपर्यंत बस सुटलेली असते.

"पुढे सरका, पुढे गाडी मोकळी आहे!" कंडक्टर ओरडतो. पुढे मोकळी नाही, हे त्यालाही माहीत आहे. किमान तिकीट आता 10 रुपयांचं, त्यामुळे सुट्ट्यांवरची जुनी भांडणं कमी झालीत. आता वाद फोनवरून पैसे गेले की नाही याचा. एका आजोबांच्या फोनवर चक्र फिरतंय. कंडक्टर मान वाकडी करून तेच बघतोय. पासवाली पोरं पास उंच धरतात, तो न बघताच मान हलवतो. रिक्षा केली तर याच अंतराचे शंभरावर जातील, म्हणून कोणी कुरकुरत असलं तरी उतरत नाही.

आनंदनगर. बरीचशी वाहनं उड्डाणपुलावरून निघून जातात. थांबे खाली, म्हणून बस खालून. खाली दुचाक्या, टेम्पो, उलट्या दिशेनं घुसलेला एक पाणीपुरीचा गाडा.

कडीवाल्या मुलीला दांडीशेजारी जागा मिळालीय. एक हात दांडीला, एका हातात कार्डं. पानं अंगठ्यानं उलटायची. आता काताकाना चाललंय. बाहेरून आलेले शब्द लिहायची ही लिपी, मूळ अक्षरं 46. त्यात 'शि' आणि 'त्सु' म्हणजे जुळ्या बहिणी. दोन छोटे फटकारे, एक मोठा. छोटे फटकारे आडवे की उभे, मोठा वर जातो की खाली येतो, एवढाच फरक. बस खड्ड्यात आदळते आणि तेवढाही दिसेनासा होतो.

शेजारच्या मुलाच्या कानात इअरफोन. त्यातून जपानी संवाद चाललाय म्हणे. तो डोळे मिटून कपाळाला आठ्या घालतो, आवाज वाढवतो, मग वैतागून इअरफोन काढून खिशात टाकतो. हॉर्न आतपर्यंत येतो. बसमध्ये पाठांतर होतं, वाचन होतं. ऐकणं होत नाही.

राजाराम पूल मागं पडतो आणि बस पु. ल. देशपांडे उद्यानापाशी अडकते. भिंतीपलीकडे जपानी बाग आहे, ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली. मूळ बाग 1700 साली पूर्ण झालेली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. आत हिरवळ, पाणी, नीट मांडलेले दगड. बाहेर एकाच जागी धडधडणारं इंजिन आणि घामाचा वास. खिडकीतून फक्त झाडांचे शेंडे दिसतात. कोणी बघत नाही.

दांडेकर पूल. सहाला दहा कमी. सिग्नल दोनदा सुटतो, बस हलत नाही. "काका, दार उघडा ना, इथंच उतरतो." चार-पाच जण उड्या टाकतात. शास्त्री रस्त्यानं झपाझप. अभ्यासिकांच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपरीवर चालू घडामोडी घोकणारी स्पर्धा परीक्षांची मुलं. अलका चौकातून पेठेत. अरुंद जिना, चपलांचा ढीग, दुसरा मजला.

दार बंद आहे. जपानीचा वर्ग सहाला म्हणजे सहालाच सुरू होतो, आणि सुरुवातीची वीस मिनिटं श्रवणाची. आतून ध्वनिफितीतल्या बाईचा आवाज येतो, मग पुरुषाचा, मग टिंग. फीत संपेपर्यंत आत जायचं नाही, असा रिवाज. जिन्यात सातजण भिंतीला टेकून घाम पुसतात.

दार उघडतं. "ओसोकु नात्ते सुमिमासेन." उशीर झाला, माफ करा. अडखळायचं नाव नाही. या वर्गात एवढं एक वाक्य सगळ्यांचं पक्कं आहे. सेन्सेई, म्हणजे शिक्षक, मान लववून जागा दाखवतात. रागावत नाहीत, त्याचंच जास्त वाटतं.

पुढचा तास बरा जातो. मराठीसारखंच क्रियापद शेवटी, 'बसने'तला 'ने' आणि 'शाळेला'तला 'ला' नामाच्या मागून; मराठी पोरांना व्याकरण फारसं बोचत नाही. अक्षरांचा क्रमही क, स, त, न असा ओळखीचा, कारण बौद्ध भिक्षूंबरोबर आपली वर्णमालेची रीत तिकडे गेली. मोजणी मात्र घाम काढते. लांबट वस्तूंना इप्पोन, निहोन, साम्बोन. प, ह, ब का बदलतात ते विचारायचं नाही, घोकायचं. वाहनांचं सोपं: इचिदाइ, निदाइ, सानदाइ.

साडेसात. फळ्यावर सेन्सेई जपानी भाषेच्या परीक्षेचं गणित मांडतात. डिसेंबरचा पहिला रविवार, पहिली पायरी, एन-फाइव्ह. बोलायचं नाही, निबंध नाही, फक्त पर्याय निवडायचे. शेवटची 30 मिनिटं श्रवण. फीत एकदाच वाजते, पुन्हा लावत नाहीत. उत्तीर्ण व्हायला 180 पैकी 80 गुण. पण श्रवणात 60 पैकी 19 वेगळे हवेत. तिथे 18 मिळाले, तर एकूण शंभरावर गेले तरी निकाल नापास.