कालव्याच्या पाण्यातून मूत्राशयात

मूत्राशयाच्या कर्करोगात स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा विरळा प्रकार. युरोप-अमेरिकेत शंभरातले जेमतेम पाच. इजिप्तमध्ये मात्र विसाव्या शतकात बराच काळ तोच सर्वाधिक आढळे, आणि तोही पन्नाशीच्या आतबाहेरच्या शेतकऱ्यांत. त्याची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की कारण तिथेच सापडतं. ताणलं जाणारं मूळ अस्तर जाऊन त्वचेसारख्या चपट्या पेशींचे थर आलेले असतात. त्यांत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुंडाळलेले केरॅटिनचे गोळे, आणि भिंतीत चुना साठून कडक झालेली, टोकाला काटा असलेली अंडी. ही अंडी थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ मध्ये कैरोत शोधलेल्या प्रजातीच्या कृमीची. गोगलगायींतून निघालेल्या अळ्या कालव्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून शिरतात, आणि वाढलेले कृमी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षं अंडी घालत राहतात. म्हणून हा कर्करोग मुळात दीर्घ दाहाचा आणि बव्हंशी टाळता येणारा आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

कृमीची बाधा कोट्यवधींना आणि कर्करोग थोड्यांना, मग दोष कृमीचा कसा, असं कुणी विचारेल. पण मज्जारज्जूला इजा होऊन वर्षानुवर्षं कॅथेटर लावावा लागलेल्यांत, कृमी नसतानाही, हाच एरवी विरळा प्रकार अधिक दिसतो; दोन्हीकडे समान आहे तो न थांबणारा दाह. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीला कर्करोगाचं निश्चित कारण ठरवलं. इजिप्तमध्ये प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाच्या गोळ्या गावोगावी पोचल्यावर या प्रकाराचं प्रमाण घसरलं. धूम्रपानामुळे मूळ अस्तराच्या पेशींतून होणारा दुसरा प्रकार वाढला, म्हणून याचा वाटा कमी दिसतो, हा आक्षेप अंशतः खरा आहे. पण काढलेल्या मूत्राशयांत अंडी सापडण्याचं प्रमाणही उतरलं, त्याचा खुलासा धूम्रपानाने होत नाही.

खरी अडचण निदानाची आहे. जळजळ, वारंवार लघवी, लघवीतून रक्त ही लक्षणं कृमीचीही असतात, त्यामुळे कर्करोग झाकला जातो. लघवीत मृत पेशींचे पांढुरके कण दिसू लागेपर्यंत गाठ बहुधा स्नायूत उतरलेली असते. ती लसिकाग्रंथींत तुलनेने कमी पसरते, पण ओटीपोटात पुन्हा उद्भवते. केमोथेरपीला फारशी दाद देत नाही, म्हणून मूत्राशय काढण्याचीच शस्त्रक्रिया करावी लागते. हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५० च्या दशकात लघवीच्या बिल्हार्झियाचे, म्हणजे अशा कृमीच्या बाधेचे, रुग्ण नोंदले गेले होते. आफ्रिकेत नोकरी करून परतणारे मराठी लोक तर आजही आहेत. अशांच्या लघवीत रक्त आलं, तर जंतुसंसर्गाच्या गोळ्यांवर न थांबता अंडी शोधावीत, आणि सिस्टोस्कोपीत, म्हणजे मूत्राशयाच्या दुर्बीण-तपासणीत, संशयास्पद जागा दिसली तर तिचा तुकडा तपासायला पाठवावा.