गाडीचे दिवे का लुकलुकतात?

चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे गडचिरोलीला जाणारा रस्ता म्हणजे आपल्यापैकी अनेकांचा घरचा रस्ता. दिवसा मस्त वाटतो. रात्री जंगलपट्ट्यात मात्र हेडलाइट हाच काय तो आधार! चितळ किंवा रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही. अशा वेळी दिवे लुकलुकायला लागले तर गंमत नाही.

मारुती ८०० आणि अ‍ॅम्बॅसिडर या दोन्ही गाड्या बनणं २०१४ मध्ये थांबलं, पण जुन्या गाड्या आपल्याकडे अजून जपून वापरतात. त्यांचे दिवे लुकलुकले की पहिला सल्ला मिळतो, "बॅटरी बदला." माझ्या मामांनाही तोच मिळाला, वर अल्टरनेटरही बदलायला सांगितला. मी म्हटलं, "मामा, खर्च नंतर करा, आधी बघू तर द्या."

बघायचं काय? दिवे कधी आणि कोणते लुकलुकतात ते. एकच दिवा असेल तर त्याचा होल्डर किंवा त्याचीच अर्थिंगची वायर. दोन्ही हेडलाइट लुकलुकतात पण डॅशबोर्डचा दिवा स्थिर आहे, तर हेडलाइटचा स्विच, रिले किंवा फ्यूजचा जोड. सगळेच दिवे स्लोवर मंद आणि रेस दिली की तेज होत असतील, तर सैल फॅन बेल्ट किंवा अल्टरनेटर. आणि खड्ड्यात गाडी आदळली की सगळंच लुकलुकत असेल, तर बॅटरीचं टर्मिनल किंवा अर्थिंग.

अर्थिंगला पुस्तकी मराठीत भूसंपर्क म्हणतात. पण गाडी तर रबरी टायरवर उभी, भूमीशी संपर्क कुठला? गाडीत 'अर्थ' म्हणजे तिची लोखंडी बॉडी. बल्बमधून गेलेला करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. पावसाळ्यात तिथल्या नटबोल्टला गंज चढतो आणि परतीची वाट अडते.

आता फर्स्ट इयरचा ओहमचा नियम आठवा. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर घेतात. गंजलेल्या जोडाचा रेझिस्टन्स फक्त ०.१ ओहम धरला, तरी १ व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि जोड तापतो. हॅलोजन बल्बचा व्होल्टेज दहा टक्के कमी झाला, तर उजेड साधारण तीस टक्के कमी होतो!

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी बंद असताना चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. तेवढे नसतील तर चार्जिंगमध्ये दोष, १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर खराब. मग हेडलाइट लावून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॉडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला, की अर्थिंग खराब समजा. मामांच्या गाडीत चार्जिंग ठीक होतं, पण इथे जवळजवळ १ व्होल्ट आला. चोर सापडला!

दुरुस्ती सोपी आहे. गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, लावताना शेवटी. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा खार गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवायचा. अर्थिंगचा बोल्ट काढून खालचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत घासायचं, घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस लावायचं. वायर आतून कुजली असेल तर नवीन टाका. मामांची बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही जुनेच राहिले.

एक मात्र कधीच करू नका. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याजागी तार किंवा चांदी गुंडाळू नका. फ्यूज वाचेल, पण वायरिंग पेटेल. आणि दोष सापडला नसेल तर रात्री निघू नका. घरचे सकाळपर्यंत वाट बघतील.