जिगचं पाणी

स्टेनलेस स्टीलच्या भट्टीतून निघालेल्या स्लॅगमध्ये धातूचे थेंब अडकून राहतात. ते चुंबकाने वेचता येत नाहीत, कारण नेहमीचं निकेलयुक्त स्टेनलेस चुंबकाला फारसं चिकटत नाही. म्हणून जिग लागतो. क्रशरमध्ये फोडून चाळलेला स्लॅग जाळीवर पडतो, खालून पाण्याचे हिसके बसतात. प्रत्येक हिसक्याला थर उचलला जातो आणि बसताना जड धातू आधी तळ गाठतो. धातूची घनता साडेसातच्या आसपास, स्लॅगची तीनच्या. एवढ्या फरकावर काम भागतं.

धातू निघाला तरी पाण्याचा प्रश्न उरतो. स्लॅगमधलं बहुतेक क्रोमियम त्रिसंयुजी, स्पिनेल खनिजात जखडलेलं असतं; ते सहसा पाण्यात उतरत नाही. पण स्लॅगमध्ये चुनाही भरपूर असतो. चुना, हवा आणि उष्णता एकत्र आली की षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमेट तयार होतं. ते विरघळतं आणि त्याची धूळ छातीत गेली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका असतो. त्यात स्लॅग थंड होताना त्यातलं डायकॅल्शियम सिलिकेट फुगतं आणि दगडाची आपोआप भुकटी होते. ही भुकटी उघड्या भट्टीत वाळवायची नाही आणि जिगचं पाणी बंद चक्रातच फिरवायचं, हे दोन नियम त्यातूनच आले.

फिरत्या पाण्यात क्रोमेट साठत जातं. त्यावर उतारा हिराकस, बागायतदारांच्या ओळखीचं फेरस सल्फेट. याच कामाला वापरल्या जाणाऱ्या सोडियम मेटाबायसल्फाइटला चांगलंच आम्ल पाणी लागतं. हिराकस घातल्यावर उदासीन पाण्यातही क्रोमेट त्रिसंयुजी होतं. सामू आठ-नऊच्या दरम्यान ठेवला की ते गाळ होऊन बसतं. तो गाळ रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच जायला हवा.

नाल्यात सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. पाणी पिवळं दिसेपर्यंत ती कधीच ओलांडलेली असते. डायफिनाइलकार्बाझाइड टाकून जांभळट रंग येतो का, ते पाहावं लागतं. क्रोमेट जमिनीत झिरपू दिलं की काय होतं, ते तमिळनाडूतल्या राणीपेटला दिसलं. तिथला कचरा स्लॅगचा नव्हता, क्रोमेट कारखान्याचा होता. तरी धडा तोच. कारखाना १९९५ मध्ये बंद पडला, ढीग आणि नासलेलं भूजल मागे राहिलं.

दिंडोरी तालुक्यात तळेगाव-अक्राळेची औद्योगिक वसाहत आहे, भोवती द्राक्षबागा आहेत, आणि विहिरींना पाणी येतं ते बेसॉल्टच्या भेगांतून. असा उद्योग इथे यायचा झाला, तर ग्रामपंचायतीने जिगच्या पाण्याची नोंदवही मागावी, गाळ उचलल्याच्या पावत्या मागाव्यात आणि उरलेल्या स्लॅगमधून पाण्यात काय झिरपतं त्याचा चाचणी अहवालही मागावा. हा स्लॅग रस्त्याच्या भरावाला स्वस्तात मिळतो. अहवाल हाती येईपर्यंत त्याची एक गाडीही शिवाररस्त्यावर रिकामी होऊ देऊ नये.